‘आधी पेपर टाका, ऑफर लेटर येतंच आहे’

पत्र: मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत जावा डेव्हलपर आहे, साडेतीन वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीत मुलाखती सुरू झाल्या. ऑनलाइन कोडिंग टेस्ट, दोन टेक्निकल राउंड, मॅनेजर राउंड, मग एचआर. मॅनेजर राउंडला ‘तुमची सर्व्हिस अचानक स्लो झाली तर आधी काय बघाल?’ असं विचारलं. मी ‘कॅश लावेन’ (वारंवार लागणारा डेटा जवळ साठवून ठेवेन) म्हणाले आणि समोरच्यांचा चेहरा पडला. एचआर राउंड उरकला आणि मग १७ दिवस चिडीचूप. मी आशा सोडली होती. परवा एचआरचा फोन आला, ‘तुम्ही सिलेक्टेड, वर्षाला चौदा लाख देतोय. ऑफर लेटर अप्रूव्हलमध्ये आहे. आजच पेपर टाका आणि राजीनामा स्वीकारल्याची मेल आम्हाला पाठवा, म्हणजे लेटर लवकर निघेल.’ माझी नोटीस ९० दिवसांची, त्यांना मी ४५ दिवसांत हवी आहे. सध्याचं पॅकेज ९ लाख ३० हजार. आणखी एक सांगायचंय. इंजिनीअरिंग झाल्यावर मी एका लहान कंपनीत चार महिने होते. पगार वेळेवर होत नव्हता, म्हणून न सांगता जाणं बंद केलं. सीव्हीत ते लिहिलेलं नाही, पण तिथे पीएफ कापला जायचा. मुलाखतीत कुणी विचारलं नाही. गुरुवारी दुसऱ्या एका कंपनीचा राउंड आहे, तो रद्द करू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर:

पेपर टाकू नका. आज नाही, उद्याही नाही. ऑफर लेटर हातात येईल, तुम्ही ते नीट वाचाल, ‘स्वीकारलं’ असं कळवाल, त्यानंतरच.

एचआर तुम्हाला फसवतेय असं मात्र लगेच धरून चालू नका. पडद्यामागे काय चाललेलं असतं ते सांगतो. पॅनेलने होकार दिला की रिक्रूटर तुमच्या पगाराची मांडणी करते आणि ती वर पाठवते. प्रोजेक्टचा प्रमुख, फायनान्स, कधी एचआरचा वरिष्ठ, अशा दोन-तीन सह्या झाल्याशिवाय सिस्टीममधून लेटर निघतच नाही. यातलं कुणी रजेवर असलं की फाइल आठवडाभर तिथेच. आणि रिक्रूटरचं काम मोजलं जातं ते किती जण प्रत्यक्ष रुजू झाले यावर. ९० दिवसांच्या नोटिशीत उमेदवार ती ऑफर दाखवून आणखी चार ठिकाणी मुलाखती देतो आणि रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ‘सॉरी’ म्हणतो, हा अनुभव तिने पुष्कळदा घेतलेला असतो. म्हणून तुम्हाला आधी बांधून ठेवायची घाई.

तिची अडचण खरी आहे, पण धोका सगळा तुमच्या पदरात पडतो. या सह्यांच्या वाटेत क्लायंटने प्रोजेक्ट गुंडाळलं, भरती गोठवली किंवा ती जागा दुसऱ्या शहरात हलवली, तर तिला एक फोन करावा लागतो. तुमचा राजीनामा मात्र गेलेला असतो, आणि तो मागे घेऊ द्यायचा की नाही हे तुमच्या आताच्या कंपनीच्या मर्जीवर. तोंडी ‘चौदा’ म्हणजे सध्या तरी बोलाचीच कढी आहे.

फोनवर वाद घालू नका, मेल करा. इंग्रजीत लिहाल, पण मजकूर एवढाच असू द्या: ‘निवडीबद्दल आभार. रुजू व्हायची माझी पूर्ण तयारी आहे. सही केलेलं ऑफर लेटर मिळाल्यापासून एका कामाच्या दिवसात मी राजीनामा देईन आणि त्याची प्रत तुम्हाला पाठवीन. लेटर साधारण कोणत्या तारखेपर्यंत अपेक्षित धरू?’ यात नकार कुठेच नाही, उलट तुम्ही तारीख मागताय. खरंच घ्यायचं असेल तर ‘शुक्रवारपर्यंत’ असं काहीतरी उत्तर येतं. ‘इतर उमेदवार लगेच पेपर टाकतात’ असं उत्तर आलं, तर तीच मेल पुन्हा पाठवा. दुसऱ्यांदा नवं वाक्य शोधायची गरज नाही.

मधल्यामध्ये ‘लेटर ऑफ इंटेंट’ नावाचा कागद येऊ शकतो. ते ऑफर लेटर नव्हे. त्यात बहुतेकदा पगाराची फोड नसते आणि ‘पुढील मंजुरीच्या अधीन’ असं वाक्य असतं. त्यावरही पेपर टाकू नका. खऱ्या लेटरमध्ये हुद्दा, कामाचं ठिकाण, पगाराची फोड, रुजू व्हायची तारीख, प्रोबेशन, नोटीस आणि ऑफर किती तारखेपर्यंत वैध आहे, एवढं हवंच. ते कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलेलं हवं. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी किंवा व्हेरिफिकेशनचा खर्च म्हणून कुणी पैसे मागितले, तर तिथेच फोन ठेवायचा.

आता त्या चार महिन्यांबद्दल. पत्रात तुम्ही हे ‘आणखी एक’ म्हणून शेवटी टाकलंय, पण राजीनाम्यापेक्षा आम्हाला काळजी याचीच वाटते. राजीनाम्याचं पाऊल अजून तुमच्या हातात आहे, ही नोंद आधीच होऊन बसलीय.

लेटर निघताना किंवा निघाल्यावर तुमची बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होईल. ती बहुधा बाहेरची एजन्सी करते. पदवी, पत्ता, पोलिस किंवा कोर्टाची नोंद आणि आधीच्या नोकऱ्या. नोकऱ्यांसाठी हल्ली पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक) मागतात किंवा पासबुकच अपलोड करायला सांगतात. यूएएन एकच असेल, तर त्याखाली तुम्हाला पीएफ लावलेली प्रत्येक कंपनी ओळीने दिसते, रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखांसकट. सीव्हीत एक कंपनी आणि यूएएनखाली दोन, हे तपासणाऱ्याला अर्ध्या मिनिटात कळतं. अहवालात प्रत्येक बाबीपुढे हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा पडतो. चार महिन्यांची नोकरी असणं हा फार तर पिवळा मामला. ती लपवलेली सापडणं हा लालकडे झुकणारा. आणि ऑफर लेटरमध्ये ‘माहिती खोटी किंवा अपुरी आढळल्यास ऑफर रद्द’ हे कलम असतंच. सगळ्यात वाईट म्हणजे हा अहवाल पुष्कळदा रुजू झाल्यानंतर येतो. तोवर जुनी नोकरी सुटलेली असते.

आज संध्याकाळीच पीएफच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करा आणि ‘व्ह्यू’मध्ये ‘सर्व्हिस हिस्टरी’ उघडा. तिथे तीनपैकी एक काहीतरी दिसेल. पहिलं, दोन्ही कंपन्या, दोन्हींच्या तारखा नीट. मग फक्त कळवायचं काम उरतं. दुसरं, जुन्या कंपनीपुढे सोडल्याची तारीखच नाही. तुम्ही न सांगता गेलात, त्यामुळे हेच असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर कागदोपत्री तुम्ही आजही तिथे कामाला आहात, म्हणजे साडेतीन वर्षं एकाच वेळी दोन नोकऱ्या! ‘ड्युअल एम्प्लॉयमेंट’चा शिक्का इथूनच बसतो, आणि माणसाने काही केलेलं नसतं. ही तारीख तुम्हाला स्वतःला भरता येते. ‘मॅनेज’मध्ये ‘मार्क एक्झिट’ आहे, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. नोकरी सोडून दोन महिने उलटलेले असावे लागतात, ते तर केव्हाच उलटलेत. तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची जमा झाली त्या महिन्यातलीच टाकायची, म्हणून आधी पासबुक उघडून शेवटची नोंद कोणत्या महिन्याची आहे ते बघा. अंदाजाने टाकू नका, कारण एकदा भरलेली तारीख बदलणं डोकेदुखी आहे. तिसरं, जुनी कंपनी दिसतच नाही. याचा अर्थ नोंद नाही असा नव्हे. आताच्या कंपनीने तुमचा नवा यूएएन काढला असेल आणि जुना वेगळा पडून असेल. जुन्या पगाराच्या स्लिपवर तो नंबर सापडेल. दोन यूएएन ठेवायचे नसतात, जुन्याचे पैसे नव्यात ट्रान्स्फर करून घ्यायचे.

मग एचआरला लेखी कळवा, लेटर निघायच्या आधी. दोन-तीन वाक्यं पुरे: ‘पदवीनंतर अमुक महिन्यापासून चार महिने मी अमुक कंपनीत काम केलं. पगार अनियमित असल्याने नोकरी सोडली, रिलीव्हिंग लेटर मिळालेलं नाही. सीव्हीत हा काळ राहून गेला होता, सुधारित सीव्ही जोडत आहे.’ कारणमीमांसा, जुन्या मालकाची गाऱ्हाणी, माफीचे तीन परिच्छेद काही नको. व्हेरिफिकेशनचा फॉर्म येईल त्यातही हीच माहिती, याच तारखा.

रिलीव्हिंग लेटर नाही म्हणून घाबरू नका. जुन्या कंपनीला एक साधी मेल टाका, लेटर मागा. दिलं तर उत्तमच. नाही दिलं तर मागितल्याचा पुरावा राहिला. त्याऐवजी नेमणूकपत्र, ज्या काही स्लिप असतील त्या, पगार जमा झालेल्या महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि पीएफ पासबुक, एवढं एका फाइलमध्ये करून ठेवा. एजन्सीने तिथे फोन केला आणि ‘ॲब्स्कॉन्ड झाली’ (न सांगता निघून गेली) असं उत्तर आलं, तरी तुम्ही आधी सांगितलेलं असेल तर तो नवा शोध ठरत नाही. सांगितल्यामुळे ऑफर जाईल का? जाऊ शकते. फ्रेशर असतानाचे चार महिने फारसे कुणी मनावर घेत नाही, पण एखादी काटेकोर कंपनी घेईलही. आता, नोकरी हातात असताना गेलेली ऑफर परवडते, रुजू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात गेलेली नोकरी नाही.

‘चौदा’चं काय? चौदा भागिले बारा केलं तर महिना १ लाख १६ हजार ६६७. तुम्ही हेच मनात धरलं असेल, सगळेच धरतात. लेटरमधला आकडा सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च, असतो आणि त्यात तुमच्या हातात कधीच न येणारे पैसेही मोजलेले असतात. एक नमुना करून बघू. बेसिक निम्मं, म्हणजे ७ लाख. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, १० टक्के, १ लाख ४० हजार. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, ८४ हजार. ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या ४.८१ टक्के, ३३ हजार ६७०. ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता १२ हजार धरा. हे सगळं वजा जाता उरतात ११ लाख ३० हजार ३३०, महिन्याला ९४ हजार १९४. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ७ हजार आणि प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). नव्या करप्रणालीत ७५ हजारांच्या स्टँडर्ड डिडक्शननंतर उत्पन्न १२ लाखांच्या आत राहतं, म्हणून आयकर शून्य. हातात येणार सुमारे ८७ हजार. एक लाख सोळा हजारांच्या जागी सत्त्याऐंशी.

लेटरमधली फोड अशीच असेल असं नाही. काही कंपन्या पीएफ १५ हजारांवरच कापतात, म्हणजे महिना १,८०० तुमचे आणि तेवढेच त्यांचे. मग हातात जास्त येतं आणि पीएफमध्ये कमी साठतं. ग्रॅच्युइटीचा आकडा कायम नोकरीत पाच वर्षं काढली तरच तुमचा. व्हेरिएबलबद्दल तीन गोष्टी विचारा: महिन्याला, तिमाहीला की वर्षाला मिळतं, कंपनीच्या कामगिरीवर की तुमच्या, आणि गेल्या वर्षी तुमच्या पातळीवरच्या लोकांना प्रत्यक्ष किती टक्के मिळालं. तिसऱ्या प्रश्नावर एचआर गुळमुळीत बोलली तर हिशेबात व्हेरिएबल निम्मंच धरा. चौदामध्ये जॉइनिंग बोनस मिसळलेला असेल तर तो पहिल्याच वर्षाचा, आणि वर्षाच्या आत सोडलंत तर बहुतेकदा परत द्यायचा. ९.३० वरून १४ म्हणजे पन्नास टक्के हाइक दिसते, पण तुलना करायची ती जुन्या फिक्स्डची नव्या फिक्स्डशी.

एचआरने मागच्या तीन महिन्यांच्या स्लिप मागितल्या तर द्या, ते नेहमीचंच आहे. फोनवर सध्याचा पगार जरा फुगवून सांगितला असेल तर मात्र आताच दुरुस्त करा.

४५ दिवसांचं कबूल करून बसू नका, कारण ते तुमच्या हातात नाही. आताच्या कंपनीचं नेमणूकपत्र काढा आणि नोटिशीचं कलम शब्दशः वाचा. ‘नोटीस किंवा त्याबदली पगार’ असं असेल तर बायआउटला, म्हणजे उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटायला, जागा आहे. पुढे ‘कंपनीच्या विवेकाधीन’ असेल, तर पैसे देऊनही मॅनेजर अडवू शकतो. पगार म्हणजे बेसिक की ग्रॉस, तेही बघा. समजा बेसिक ३८ हजार आणि ग्रॉस ६५ हजार आहे, तर राहिलेल्या ४५ दिवसांचे एका हिशेबाने ५७ हजार होतात आणि दुसऱ्याने ९७ हजार ५००. हे पैसे नवी कंपनी देणार असेल तर लेटरमध्ये लिहून घ्या. एचआरला आत्ता एवढंच सांगा की नोटीस ९० दिवसांची आहे, लवकर सुटायचा प्रयत्न करीन, पण लेटरवर रुजू व्हायची तारीख ९० दिवसांनंतरची टाका. लवकर सुटका झाली तर तारीख अलीकडे आणायला कुणाची ना नसते. उलट दिशेने आणायची म्हटली की परत त्याच सह्या.

१७ दिवसांच्या शांततेबद्दल फार डोकं चालवू नका. बहुधा दोनपैकी एक झालं असेल: पॅनेलमधल्या कुणीतरी फीडबॅक फॉर्म भरायचा राहिला, किंवा तुम्ही दुसऱ्या पसंतीच्या होतात आणि पहिल्याने नकार दिला. दुसऱ्या पसंतीने लागलेल्याचा पगार काही वेगळा नसतो. पुढच्या वेळी राउंड संपतानाच ‘निकाल साधारण कधीपर्यंत कळेल?’ विचारून ठेवा. ती तारीख उलटून दोन दिवस झाले की एक मेल, आणखी आठवड्याने दुसरी, मग सोडून द्या.

‘कॅश लावेन’वर मात्र थोडं थांबायला हवं, कारण गुरुवारी हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येईल. त्या मॅनेजरला उपाय नको होता, तुम्ही शोध कसा घेता हे बघायचं होतं. पहिलं वाक्य तुमचा प्रश्न असायला हवं. कधीपासून स्लो आहे? सगळे एपीआय की एकच? त्याच्या आदल्या रात्री रिलीज झालं होतं का? मग म्हणा, थ्रेड डंप घेईन, म्हणजे त्या क्षणी सर्व्हरमधला प्रत्येक थ्रेड (एकेक काम हाताळणारा धागा) कुठे अडकलाय त्याची नोंद. तिथे काय दिसू शकतं तेही सांगा. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये कुणी सेटिंगला हात लावला नसेल, तर टॉमकॅट हा वेब सर्व्हर २०० थ्रेडपर्यंत जातो आणि हिकारीच्या ‘पूल’मध्ये, म्हणजे तयार ठेवलेल्या साठ्यात, डेटाबेस कनेक्शन असतात फक्त १०. एखादी क्वेरी २० मिलिसेकंदांवरून ४ सेकंदांवर गेली की दहाच्या दहा कनेक्शन त्यातच अडकतात. बाकीचे थ्रेड रांगेत उभे राहतात आणि ३० सेकंदांनी टाइमआउट होऊन पडू लागतात. सीपीयू निवांत, मेमरी निवांत, आणि सर्व्हिस मेल्यासारखी. इथे घाईत पूल १० चा १०० केला तर तुंबलेली गर्दी एकदम डेटाबेसवर कोसळते आणि तोही झोपतो. म्हणून आधी ती क्वेरी पकडायची, एक्स्प्लेन (डेटाबेस ती क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी आज्ञा) लावून इंडेक्स वापरला जातोय का ते बघायचं, एका यादीसाठी शंभर क्वेऱ्या तर सुटत नाहीत ना हे तपासायचं. कॅशचा विचार त्यानंतर. कॅश स्लो क्वेरी झाकते, आणि सर्व्हर रीस्टार्ट होऊन कॅश रिकामी झाली की तीच क्वेरी पुन्हा समोर उभी राहते. हे सगळं तीन मिनिटांत बोलून होतं. बुधवारी रात्री एकदा मोठ्याने बोलून बघा, मनातल्या मनात नको.

तेव्हा गुरुवारचा राउंड रद्द करायचा नाही. तिथे सुधारित सीव्ही आधीच पाठवा, चार महिन्यांसकट. ‘हातात दुसरी ऑफर आहे का?’ असं विचारतीलच. ‘एका ठिकाणी निवड झाल्याचं तोंडी कळवलंय, लेखी अजून आलेलं नाही’, एवढं म्हणा. आकडा विचारला तर तो लेटर आल्यावर सांगेन म्हणा.